इमूचे पंगू पिल्लू
(परिसर अभ्यासाच्या तासासाठी, इयत्ता चौथी व पाचवी)

खेड्यातील शाळेत प्राणी येतात ते पाठ्यपुस्तकातून कमी व मुलांच्या हातातून अधिक. वाऱ्याने घरट्यातून पडलेले साळुंकीचे पोर, दोरी काचून पाय सुजलेले करडू, ओढ्याकाठी सापडलेले कासव असा एखादा पाहुणा वर्षातून दोनतीन वेळा तरी वर्गाच्या दाराशी येऊन थांबतो आणि त्या दिवसापुरता नेमलेला पाठ मागे पडतो. अनुभवी शिक्षक अशा वेळी कपाळाला आठ्या घालीत नाही. चित्रावरून चार तास शिकवून जे साधत नाही ते या अर्ध्या तासात साधते, हे त्याला ठाऊक असते. पुढील पाठ अशाच एका पाहुण्याविषयी आहे.

प्रसंग असा कल्पावा. माघाचे दिवस आहेत. गावाच्या शिवेवर एका शेतकऱ्याने इमू पाळले आहेत. त्याचा चौथीतील मुलगा सकाळी एका डालग्यात गोणपाट अंथरून त्यावर एक पिल्लू घेऊन येतो. पिल्लू दोन दिवसांचे आहे. अंगावर तपकिरी व पांढुरके लांब पट्टे, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. त्याची भावंडे कालपासून उभी राहून हिंडू लागली आहेत. हे मात्र पोटावर पसरले आहे व त्याचे दोन्ही पाय उघडलेल्या कात्रीच्या पात्यांसारखे दोन बाजूंना फाकले आहेत. वडील म्हणाले आहेत की, हे जगणार नाही, टाकून द्यावे लागेल. मुलगा डालगे टेबलावर ठेवतो आणि विचारतो, “गुरुजी, हे चालेल का?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. “होईल रे बरे,” असे म्हणणे सोपे आहे. पण पिल्लू मेले तर गुरुजींचा शब्द खोटा ठरतो. “याचे काही खरे नाही,” असे म्हणणे त्याहून सोपे आहे. पण ते कदाचित असत्य असेल. पंगूपणाचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील काही चार दिवसांत नाहीसे होतात आणि काही कोणत्याही उपायाने हटत नाहीत. हे पिल्लू कोणत्या प्रकारात मोडते ते पाहून मगच उत्तर द्यावे, आणि ते पाहण्याचे काम मुलांनीच करावे, यासाठी हा पाठ आहे.

प्रथम पाहुण्याची ओळख थोडक्यात करून द्यावी. इमू हा मूळचा ऑस्ट्रेलियातील पक्षी. आज हयात असलेल्या पक्ष्यांत उंचीने शहामृगाच्या खालोखाल त्याचाच क्रम लागतो. त्या देशाच्या राजचिन्हावर एका बाजूस कांगारू व दुसऱ्या बाजूस इमू असतो. पंख आहेत, पण ते नावापुरते, उडणे नाही. धावू लागला म्हणजे मात्र ताशी सुमारे पन्नास किलोमीटरचा वेग गाठतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३२ साली गव्हाच्या शेतांत शिरलेल्या इमूंवर सैनिकांकडून मशिनगनी चालविण्यात आल्या होत्या. पक्षी असे पांगले व असे धावले की तो उपाय बहुतांशी फसला. ही हकीकत सांगितली की वर्ग हसतो, हसू ओसरल्यावर विचारावे, “त्यांना कोणी वाचविले?” मुले एका आवाजात “पायांनी!” म्हणतील. तेवढ्यासाठीच ती हकीकत सांगावयाची.

दुसरी नवलाची गोष्ट अंड्यांविषयी. अंडे गर्द हिरवे असते. मादी अंडी घालते व ती उबवतो नर. सुमारे आठ आठवडे तो घरट्यावर बसून राहतो. त्या काळात अन्नपाणी जवळजवळ घेतच नाही. पिल्ले बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत घरटे सोडतात व बापाच्या मागे चालू लागतात. पुढे कित्येक महिने तोच त्यांना सांभाळतो. यावरून इमूचे पिल्लू आणि चालणे यांचा संबंध किती निकटचा आहे हे कळते. चिमणीचे पोर घरट्यात पडून वाढते. इमूचे पोर चालत वाढते.

आपल्या देशात हा पक्षी विसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीचा जोडधंदा म्हणून आला. आंध्र, तामिळनाडू व महाराष्ट्र येथे त्याचा पुष्कळ प्रसार झाला. मांस, तेल, कातडे व पिसे यांना मोठा भाव येईल अशी आशा होती. प्रत्यक्षात बराचसा व्यवहार पिल्ले एकमेकांस विकण्यावरच चालला होता, आणि २०१२ च्या सुमारास तो कोसळला. कर्ज काढून शेड उभारलेल्या अनेक शेतकऱ्यांना त्याची झळ लागली. ज्या गावात हा अनुभव ताजा असेल तेथे शिक्षकाने हा भाग दोन वाक्यांतच आटोपावा. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या घरची ती जखम असू शकते. एक गोष्ट मात्र सर्वांना सांगावी. हा पक्षी येथील रानातला नाही, त्यामुळे नको झालेला इमू रानात सोडून देणे म्हणजे त्याची सुटका करणे नव्हे.

आता पायाकडे वळावे. बहुतेक मुलांची समजूत असते की, पक्ष्याचा गुडघा उलटा, म्हणजे मागच्या बाजूला वाकतो. ही समजूत काढून टाकण्यासाठी एका मुलास वर्गापुढे बोलावून टाच उचलून बोटांवर उभे राहावयास सांगावे. इतरांना विचारावे, “याची टाच जर खूप वर गेली आणि तळपाय काठीसारखा लांब झाला, तर हा कोणासारखा दिसेल?” पक्षी बोटांवरच उभा असतो. त्याच्या पायाच्या मध्यावर जो सांधा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ, पिसांत दडलेला असतो व तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. फळ्यावर मुलाचा पाय व इमूचा पाय शेजारी शेजारी काढून मांडी, गुडघा, नडगी, घोटा, खालची नळी व बोटे ही नावे दोन्हींना द्यावीत. इमूला बोटे तीन, तिन्ही पुढे वळलेली. शहामृगाला दोनच असतात.

घोट्याच्या मागून एक बळकट कंडरा जाते. मुलांना ती नवीन नाही. घरी कोंबडी कापली जाते तेव्हा तुटलेल्या पायाच्या नळीतील पांढरी दोरी ओढून बोटे मिटविण्याचा खेळ मांसाहारी घरांतील मुले खेळलेली असतात. ज्यांनी खेळला नसेल त्यांना रहाटाचे उदाहरण द्यावे. विहिरीवरील रहाटाच्या खाचेतून दोर सरकतो तशी ही कंडरा घोट्याच्या हाडावरील खाचेतून सरकते. दोर खाचेतून निसटला तर बादली वर येत नाही. कंडरा खाचेतून निसटली तर पाय सरळ होत नाही. ही उपमा पुढे उपयोगी पडते, म्हणून ती आताच पक्की करून घ्यावी.

यानंतर एक गणित घालावे. पिल्लाचे वजन सुमारे ४०० ग्रॅम. एक ते दीड वर्षात पक्षी पूर्ण वाढतो व तेव्हा त्याचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम भरते. किती पट झाले? शंभर पट. मग दुसरे उदाहरण द्यावे. तीन किलोग्रॅम वजनाचे मूल दीड वर्षात शंभर पट वाढले तर केवढे होईल? तीनशे किलोग्रॅम हे उत्तर आले की मुलांच्या तोंडून आपोआप आश्चर्य प्रकट होते. एवढा भार थोड्या काळात दोन पायांवर यावयाचा, त्यातच हाडे लांबत असावयाची व ती अजून कोवळी असावयाची. इमूच्या पिल्लांत पायांचे विकार इतके का आढळतात याचे निम्मे उत्तर या गणितात आहे. आज चारशे ग्रॅम कसेबसे तोलणारा वाकडा पाय उद्या चाळीस किलोग्रॅम तोलील का, हा खरा प्रश्न आहे. पाळीव कुत्रे तीन पायांवर जगते. इमूला एका पायावर जगता येत नाही.

येथे डालग्यातील पिल्लाकडे परत यावे व मुलांना तीन गोष्टी पाहावयास सांगाव्या. विकार केव्हापासून आहे? एका पायात आहे की दोन्हींत? आणि वाकडेपणा नेमका कोठे आहे: खुब्यात, घोट्यात, नळीत की बोटांत? पिल्लू हाताळताना ते पोटाखालून दोन्ही तळहातांत धरावे. बाजाराच्या दिवशी कोंबड्या पाय धरून उलट्या नेल्या जातात. इमूच्या पिल्लाला तसे एकदा जरी उचलले तरी चांगला पाय अधू व्हावयाचा. एका वेळी दोन मुलांनीच जवळ यावे, बाकीच्यांनी जागेवरून पाहावे, आणि पाहून झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. पक्ष्यांच्या विष्ठेतून पोट बिघडविणारे जंतू पसरतात, म्हणून या बाबतीत सवलत देऊ नये. गावात कोंबड्या अचानक मरू लागल्या असतील तर पिल्लू शाळेत आणूच नये. महाराष्ट्रात २००६ साली नवापूर भागात कोंबड्यांत बर्ड फ्ल्यूची साथ आली होती, हे पुष्कळांना आठवत असेल.

या पिल्लाविषयी उत्तरे अशी येतील: विकार जन्मापासून आहे, दोन्ही पायांत आहे, घोटा, नळी, बोटे नीट आहेत, पाय खुब्यापासून बाहेर घसरले आहेत. याचा अर्थ हाड वाकडे नाही. पाय फाकण्याचे सर्वांत सामान्य कारण गुळगुळीत जमीन हे होय. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू उठू पाहते, पाय घसरतो, पुन्हा उठते, पुन्हा घसरतो. कोवळे स्नायू ताणले जातात व पाय तसेच राहतात. उबवणी यंत्राचा गुळगुळीत ट्रे, शहाबादी फरशी, प्लॅस्टिकचा कागद आणि वर्तमानपत्र ही चारही त्या दृष्टीने वाईट. वर्तमानपत्र स्वच्छ दिसते म्हणून लोक ते हौसेने अंथरतात, आणि घात तेथेच होतो.

म्हणून पहिला उपाय जमिनीचा. जाड गोणपाट किंवा तरट ताणून, कडा नीट दाबून अंथरावे. दोरे सुटलेले तरट नको, कारण इमूचे पिल्लू दिसेल ते गिळते. खिळा, काच, तार, दोरा यांतून त्याला निवड करता येत नाही. सुटा भुसा किंवा गवतही पहिल्या दिवसांत घालू नये.

दुसरा उपाय पट्टीचा. मऊ सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी घ्यावी. दोन्ही पायांच्या खालच्या नळीभोवती सैलसर वेढा देऊन मध्ये अंतर राखावे. ते अंतर पिल्लाच्या दोन्ही खुब्यांतील रुंदीइतके, म्हणजे ते नीट उभे असताना पाय जितके दूर असावेत तितके. पट्टी सांध्यावर येऊ देऊ नये. सुतळी, रबर किंवा नायलॉनचा दोरा कधीही वापरू नये, तो मांसात रुततो. मुलाला गुराच्या पायातील लोढण्याची आठवण होईल व तो पट्टी घट्ट बांधू पाहील. तेव्हा सांगावे की, लोढणे अडविण्यासाठी असते आणि ही पट्टी आधारासाठी आहे. सकाळ-संध्याकाळ बोटे तपासावीत. ती सुजली किंवा गार लागली तर पट्टी ताबडतोब सोडावी. तीन दिवसांनी पट्टी काढून पिल्लू उभे राहते का ते पाहावे. पाय पुन्हा फाकले तर आणखी दोन दिवस बांधावी. पहिल्या दोनतीन दिवसांत हा उपाय झाला तर गुण बहुधा येतो. आठवडा उलटल्यावर त्याचा भरवसा राहत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांकडून पहिली पट्टी बांधून घेता आली तर फारच उत्तम.

पट्टी बांधलेले पिल्लू सहज कोलमडते. त्याला दिवसातून पाचसहा वेळा पोटाखाली हात देऊन, बोटे जमिनीला टेकतील असे, दोनतीन मिनिटे उभे धरावे. पाणी उथळ ताटलीत ठेवावे. खोल भांड्यात तोंड बुडून पिल्लू मरते. पहिले दोनतीन दिवस ते खात नाही म्हणून घाबरू नये. अंड्यातील बलक त्याच्या पोटात शिल्लक असतो व तेवढा त्याला पुरतो. ऊब मात्र हवीच. पहिले दहा दिवस जवळपास ३२ अंश सेल्सिअस, पुढे हळूहळू कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लालाच विचारावे. ते दिव्याला चिकटून चिवचिवत असेल तर ऊब कमी आहे, दूर जाऊन चोच उघडी टाकून धापत असेल तर जास्त आहे. त्यासाठी दूर जाण्यापुरती जागा ठेवलेली असावी. आणि त्याला एकटे ठेवू नये. एकटे पिल्लू घाबरते, कोपऱ्यात धडका मारते. शांत स्वभावाचे एक भावंड सोबतीस ठेवले तर ते पाहून हेही उठू लागते.

खाद्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण चूक होते ती बहुधा प्रेमापोटी होते. मुलगा आपल्या ताटातली भाकर पिल्लाला घालील. घरी ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी असेल ती घालील. नुसत्या धान्यात फॉस्फरस असतो पण कॅल्शियम फार थोडे असते, आणि हाड बांधावयास दोन्ही योग्य प्रमाणात लागतात. पिल्लाच्या खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट असावे लागते. उलट, शिंपल्यांचा चुरा मूठमूठ घातला तर तोही अपाय करतो, कारण जादा कॅल्शियममुळे मँगनीज व जस्त अंगी लागत नाही. पिल्लांसाठी तयार मिळणारे, सुमारे वीस टक्के प्रथिने असलेले खाद्य द्यावे आणि बारीक चिरलेला लसूणघास थोडा घालावा. सकाळचे ऊन तासभर मिळाले तर ड जीवनसत्त्व अंगातच तयार होते. त्याला पैसा पडत नाही. लवकर मोठे व्हावे म्हणून ठासून खाऊ घालणे हे सर्वांत वाईट. वजन पुढे धावते व हाडे मागे राहतात. याच कारणाने इमूच्या पिल्लांना धावण्यासाठी नऊदहा मीटर तरी लांब मोकळी वाट असावी असे तज्ज्ञ सांगतात. लहान खोक्यात भरपूर खाऊन बसलेल्या पिल्लाचे पाय बिघडतात.

आहार व पाय यांचा संबंध माणसाला कोंबड्यांनीच शिकविला, ही गोष्ट येथे अवश्य सांगावी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन हे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचे कारण शोधीत होते. त्या रोगात माणसाचे पाय लुळे पडतात. प्रयोगासाठी ठेवलेल्या कोंबड्यांचेही पाय एकाएकी लुळे पडू लागले. आणि काही महिन्यांनी, काहीही औषध न देता, त्या बऱ्या झाल्या. चौकशीत कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पांढराशुभ्र सडलेला तांदूळ शिजवून घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना का द्यावा, असे म्हणून त्याने तो बंद केला, व कोंबड्यांना पुन्हा कोंड्यासह तांदूळ मिळू लागला. तांदळाच्या कोंड्यातच ते द्रव्य होते. आज त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतात. आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. त्या आचाऱ्याला काय मिळाले, असे एखादे मूल विचारील, विचारू द्यावे.

इतकी काळजी घेतली तर आपले पिल्लू बहुधा पाचसहा दिवसांत चालू लागते, आणि वर्ग टाळ्या वाजवितो. पाठ येथे संपला असता. पण तसा तो संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण मुलाला आता वाटू लागते की, पट्टी बांधली की पाय बरा होतो.

समजा, सातव्या आठवड्यात त्याच शेडमधील दुसऱ्या पिल्लाचा उजवा पाय बाहेर वळू लागला. जन्मतः ते धडधाकट होते, सर्वांत जास्त खात होते व सर्वांत मोठे होते. समोरून पाहिले तर डाव्या पायाची बोटे पुढे आहेत व उजव्याची बाजूकडे. येथे नडगीचे हाड आपल्याच अंगाभोवती, पिळलेल्या ओल्या फडक्यासारखे, फिरत चालले आहे. मुलगा धावत येतो व म्हणतो, “गुरुजी, याचाही पाय बांधू या.” या पिल्लाला पट्टीने गुण येत नाही. वळलेले हाड बाहेरून बांधून मागे फिरत नाही. शस्त्रक्रिया करूनही यश क्वचितच येते. फार लवकर ध्यानात आले तर खाद्य आवरणे, मोकळी जागा देणे व डॉक्टरांना दाखविणे एवढेच हाती असते, आणि बहुतेक वेळा पिळ वाढतच जातो.

आणखी दोन प्रकार शिक्षकाने ओळखून ठेवावेत. घोटा मागून चपटा व सुजलेला दिसतो आणि पाय सरळ होत नाही, तेव्हा रहाटाचा दोर खाचेतून निसटलेला असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९३६ च्या सुमारास असे दिसून आले की, कोंबडीच्या पिल्लांत हा विकार खाद्यातील मँगनीजच्या कमतरतेने होऊ शकतो. पुढे कोलीन इत्यादी द्रव्यांचाही संबंध कळला. परंतु योग्य खाद्याने विकार टळतो, निसटलेली कंडरा त्याने परत जागेवर येत नाही. ते काम डॉक्टरांचे व तेही लागलीच करावयाचे. दुसरा प्रकार बोटे आत मुडपण्याचा. त्यात ब-२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते, आणि लहान वयात पुठ्ठ्याचा पावलाएवढा तुकडा बोटांखाली ठेवून चिकटपट्टीने बांधला तर बोटे पुष्कळदा सरळ होतात. मुले याला “पिल्लाचा बूट” म्हणतात. सांधा कढत व सुजलेला असेल तर मात्र तो पंगूपणा नसून रोग आहे. तेथे बूट नको, औषध हवे.

वळलेल्या पायाच्या पिल्लाचे काय करावयाचे, हा भाग अवघड आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांभाळणाऱ्यावर त्यांच्या क्षेमाची जबाबदारी टाकतो. ती जबाबदारी पाळण्यासाठी रोज काही गोष्टी पाहाव्या लागतात. पिल्लू स्वतः उठून खाद्यापाशी जाते का? वजन वाढते आहे की घटते आहे? घोट्यावर व छातीवर बसून बसून जखमा झाल्या आहेत का? ते डोळे मिटून बाजूला राहते का? उठणे थांबले, जखमा पडल्या व वजन घटू लागले म्हणजे पुढील दिवस त्या पिल्लासाठी केवळ वेदनेचे असतात. अशा वेळी डॉक्टरांच्या हातून त्याला वेदनारहित मरण देणे हाच दयेचा मार्ग उरतो. हा निर्णय डॉक्टरांनी व मुलाच्या वडिलांनी घ्यावयाचा. तो मुलावर सोपवू नये, त्याच्यापासून लपवूही नये.

सांगताना शब्द साधे असावेत. “त्याला झोपविले” असे म्हणू नये. लहान मुले त्यानंतर रात्री झोपावयास भितात, असा अनुभव आहे. “ते पळून गेले” असेही म्हणू नये, कारण मूल त्याला शोधीत हिंडते. “त्याचा पाय बरा होणार नव्हता, त्याला फार दुखत होते, डॉक्टरांनी त्याला दुखू न देता मरण दिले,” एवढे पुरे. मूल विचारील, “माझे काही चुकले का?” हा प्रश्न हमखास येतो. कधी तो तोंडाने न येता मूल दोन दिवस गप्प राहते. त्याला आठवण द्यावी की, पहिल्या पिल्लाचा पाय व दुसऱ्याचा पाय यांत काय फरक आहे हे त्यानेच फळ्यावर दाखविले होते. रडू आले तर रडू द्यावे, व त्या दिवशी त्याला फळा पुसावयास सांगू नये.

शिक्षकाने मुलाच्या वडिलांना एकदा भेटून यावे. टाकून द्यावे असे ते म्हणाले यात निष्ठुरपणा पाहू नये. ज्याने या पक्ष्यांपायी नुकसान सोसले आहे त्याला एका पिल्लासाठी डॉक्टरांकडे हेलपाटे घालणे परवडत नाही. त्यांना उपदेश न करता उबवणी यंत्राच्या ट्रेमध्ये तरटाचा तुकडा बसविण्याचे सुचवावे आणि खाद्य व मोकळी वाट यांविषयी मुलाने शिकलेले त्यालाच त्यांच्यापुढे सांगू द्यावे. आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी. हाताने वाढविलेला व माणसाला लळा लागलेला इमूही मोठेपणी पाच-सहा फूट उंच होतो आणि पुढच्या दिशेने लाथ मारतो. आज डालग्यात मावणारा हा मित्र पुढील वर्षी मजबूत, उंच कुंपणाआड असावा लागेल, व लहान मुलांनी एकट्याने आत जाऊ नये.

वर्गासाठी एक वही करावी. तीत तारीख, वजन, पिल्लू आधाराशिवाय किती पावले चालले आणि काय खाल्ले एवढे चार रकाने पुरेत. वजनासाठी वाण्याचा तराजू चालतो. पिल्लासह डालगे तोलावे व रिकाम्या डालग्याचे वजन वजा करावे. आठवड्याअखेर वजनाचा आलेख पाचवीच्या मुलांनी काढावा. दुसऱ्या पिल्लाच्या पानावरही नोंदी शेवटच्या तारखेपर्यंत असाव्यात व ते पान फाडू नये. पहिल्या पिल्लाच्या पानावर बहुधा असे दिसेल: पहिला दिवस, पावले शून्य, दुसरा दिवस, शून्य, तिसरा दिवस, दोन, पाचवा दिवस, मोजता आली नाहीत. काढून टाकलेली सुती पट्टी मुलाला त्या पानावर टाचणीने लावून ठेवावीशी वाटली तर धुऊन, वाळवून लावू द्यावी.